बेदाण्याचं मूळ गाव विचारा : वाणिज्यमंत्र्यांना तासगावातून खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
आणि परदेशांशी व्यापार करारांची बोलणी करणारे सर्व अधिकारी,
वाणिज्य भवन, नवी दिल्ली.

साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातून दिल्लीला जाणारी बहुतेक निवेदनं 'आयात बंद करा' या तीन शब्दांत संपतात. हे पत्र तसं नाही. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, जत, खानापूर या तालुक्यांतली द्राक्षं युरोपात जातात, आखातात जातात, बांगलादेशात जातात. दुसऱ्याच्या दारात पाटी घेऊन उभं राहायचं आणि स्वतःच्या दाराला आतून कडी घालायची, हे शोभत नाही आणि चालतही नाही.

मागणं वेगळं आहे. परदेशांशी बसून तुम्ही जे नियम ठरवता, ते आम्हाला आणि आम्हाला माल विकणाऱ्यांना सारखेच लागावेत. ते छाटणीच्या आधी कळावेत आणि हंगाम चालू असताना बदलू नयेत. एवढं झालं तर चिली असो, दक्षिण आफ्रिका असो, कुणाशीही दोन हात करायची आमची तयारी आहे.

बेदाण्यापासून सुरुवात करतो, कारण सध्या सगळ्यात जास्त पोळतंय ते तिथेच.

बेदाणा म्हणजे वाळवलेली द्राक्षं, एवढंच शहरातल्या माणसाला माहीत असतं. छाटणी घेतल्यापासून चार-साडेचार महिने बाग डावणी, भुरी, अवकाळी आणि गारपीट यांच्या तावडीतून काढायची. गोडी बावीस-तेवीस ब्रिक्सच्या पुढे गेली की घड उतरवायचे. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून ते शेडवर जाळीच्या थरांवर अंथरायचे. पुढचे पंधराएक दिवस थेट ऊन लागू द्यायचं नाही, पण वारा खेळता पाहिजे. त्या दिवसांत एक वळीव आला आणि हवा दमट झाली की पोपटी होऊ घातलेला माल काळवंडतो आणि वर्षाचा हिशेब एका रात्रीत फिरतो. त्यातून वाचलाच तर देठ काढणं, धुणं, प्रतवारी, पंधरा किलोचा बॉक्स आणि कोल्ड स्टोरेजचं भाडं. एवढं करून चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा हातात येतो.

या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मालाच्या मूळ गावाला किंमत असते, हे सरकारनं स्वतःच्या शिक्क्यानं मान्य केलं. पण परदेशातून आलेल्या बेदाण्याचं मूळ गाव बंदरावर खोदून विचारलं जात नाही, ही आमची तक्रार आहे.

२०२५ च्या हंगामात माल कमी होता आणि दर चढले होते. ज्यांनी माल कोल्ड स्टोरेजला ठेवला होता, त्यांची नजर सणासुदीच्या मागणीकडे होती. नेमक्या त्याच सुमाराला चीनचा बेदाणा अफगाणिस्तानच्या नावावर देशात उतरतोय, अशा तक्रारी सुरू झाल्या. बागायतदारांनी त्या मांडल्या, राज्यातल्या नेत्यांनीही केंद्राच्या कानावर घातल्या. सौद्यात, म्हणजे बेदाण्याच्या लिलावात मात्र लगेच 'बाहेरचा माल आलाय' हे वाक्य फिरायला लागलं. बाहेरून किती आला, कुठल्या बंदरावर उतरला, काय भावानं, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. दर पाडायला आकडा लागत नाही, नुसती कुजबुज पुरते. खरी आयात जेवढं नुकसान करते तेवढंच ही कुजबुज करते, असं माझं मत आहे.

यातली मेख सरळ आहे. अफगाणिस्तान सार्कचा सदस्य आहे. साफ्टा, म्हणजे सार्क देशांमधल्या मुक्त व्यापाराच्या कराराखाली सर्वांत कमी विकसित सदस्य देशांना भारत शुल्कात सवलत देतो. अफगाणिस्तान त्यांतलाच एक आणि ती सवलत द्यायलाच हवी. चीनला ती सवलत नाही. त्यामुळे खोक्यावरच्या देशाचं नाव बदललं की सरकारी तिजोरीत जायचं शुल्क वाचतं. बेदाणा तोच राहतो, फक्त कागद बदलतो.

अफगाण शेतकऱ्याशी आमचं भांडण नाही. तिकडे हिरवा बेदाणा मातीच्या जाड भिंतींच्या, झरोके ठेवलेल्या किशमिशखान्यात सावलीला वाळवतात. आमच्या शेडमध्ये जे साधायचं असतं, तेच तो मातीच्या भिंतीत साधतो. त्याचा माल त्याच्या नावानं, त्याच्या हंगामात, खऱ्या भावानं आला तर आम्ही त्याच्याशी बाजारात भिडू. सवलत त्याच्या गरिबीच्या नावानं आणि नफा तिसऱ्याच्या खिशात, हे त्याच्यावरही अन्याय करणारं आहे. आणि हा तिसरा कोण, तेही बोललं पाहिजे. खोटा कागद घेऊन शुल्काची सवलत मागणारा आयातदार हा आपल्याच देशातला व्यापारी असतो, तेव्हा सगळा राग चीनवर काढून त्याला मोकळं सोडू नका.

नवा कायदा करा असंही आम्ही म्हणत नाही, कायदा आहे. सीमाशुल्क कायद्यात २०२० साली '२८ डीए' हे कलम आलं आणि त्याखालचे कॅरोटार नियम २१ सप्टेंबर २०२० पासून लागू आहेत. आयातदारानं नुसतं मूळ देशाचं प्रमाणपत्र पुढे केलं की काम झालं, असं त्यात नाही. माल त्या देशात कसा तयार झाला याची माहिती त्यानं स्वतःजवळ ठेवायची, मागितली की द्यायची. शंका आली तर सवलत रोखून चौकशी करायची मुभा अधिकाऱ्याला आहे. बेदाण्याच्या प्रत्येक खेपेला हे प्रश्न विचारा. बाग कुठल्या प्रांतातली, वाळवला कुठे, पॅकिंग कुठे झालं, ट्रक कुठल्या नाक्यावरून आला. खोटं बोलणाऱ्याला चौथ्या प्रश्नापर्यंत पोचता येत नाही. सोबत माल कितीचा दाखवलाय ते तपासा, कारण देश खरा आणि किंमत खोटी हाही जुनाच धंदा आहे.

आणि हे आकडे उघड करा. दर पंधरवड्याला, देशवार, बंदरवार, किती टन आणि काय भावानं दाखवलेला, एवढं एक पान. तासगाव आणि सांगलीच्या बाजार समितीत ते पान चिकटवलं तरी अर्धी कुजबुज बंद होईल.

आता घरचंही लिहितो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. आमच्याकडे बेदाण्याच्या सौद्यात 'उधळण' नावाचा प्रकार आहे. खरेदीदार बॉक्स उघडतो, मूठ भरतो, दाणा बघतो, दाबून पाहतो आणि हातातला माल परत बॉक्समध्ये न टाकता फरशीवर सोडतो. मग दुसरा येतो, तिसरा येतो. सौदा संपेपर्यंत पायाखाली बेदाण्याचा सडा पडलेला असतो आणि शेतकरी स्वतःच्याच मालावर पाय पडू नये म्हणून अंग चोरून उभा असतो. वर वजनात तूट धरतात ती वेगळीच. याविरुद्ध आंदोलनं झाली, बैठका झाल्या, काही काळ कमी होतं आणि पुन्हा सुरू होतं. हे तुमच्या खात्यात येत नाही, मला माहीत आहे. पण काबूलचा आणि बीजिंगचा हिशेब मागणाऱ्यानं आपल्या फरशीकडे डोळेझाक केली तर त्याच्या तक्रारीला वजन राहत नाही.

याच बाजारात एक चांगली पद्धतही आहे. दिवाळीच्या तोंडावर सौदे काही आठवडे बंद ठेवतात आणि त्या काळात व्यापारी, अडते, शेतकरी यांची सगळी येणी-देणी मिटवायची, ज्याला आम्ही 'झिरो पेमेंट' म्हणतो. कुरबुरी असतात, कुणी मुदत मागतो, पण ही वेळ येणार हे प्रत्येकाला उन्हाळ्यातच ठाऊक असतं आणि प्रत्येक जण त्या हिशेबानं वागतो. आंतरराष्ट्रीय व्यापारात आम्हाला एवढंच हवंय. तारीख आधी कळावी आणि ती सगळ्यांना बांधील असावी.

आता आम्ही विकतो त्या बाजूला येतो. २०१० साल द्राक्ष बागायतदार विसरलेला नाही. क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वेलीची वाढ आवरणारं रसायन, ज्याला बागेत सगळे 'सीसीसी' म्हणतात, त्याचा अंश युरोपात पोचलेल्या द्राक्षांत मर्यादेपेक्षा जास्त निघाला. कंटेनर अडले, भाव कोसळले, निर्यातदारांनी हात वर केले आणि अनेक बागायतदारांचे पैसे बुडाले ते बुडालेच. त्या वेळी निर्यातीआधी आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी व्हायची त्या यादीत हे रसायन नव्हतं. शेतकऱ्यानं तपासणी करून, दाखला घेऊन माल पाठवला आणि तिकडे वेगळ्याच कागदावर तो नापास झाला.

त्यानंतर आपण सुधारलो. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या 'ग्रेपनेट' या ऑनलाइन यंत्रणेवर प्लॉटची नोंदणी होते, माल तोडण्याआधी नमुना प्रयोगशाळेत जातो, अहवाल आल्याशिवाय कंटेनर भरत नाही. आमच्याकडचा बागायतदार आज कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं हे तोंडपाठ सांगतो. फवारणीची वही ठेवतो. एवढी शिस्त आम्ही लावून घेतली ती युरोपच्या नियमांमुळेच आणि त्याबद्दल मी कुरकुर करणार नाही. खाणाऱ्याच्या पोटात विष जाऊ नये, एवढी अट कुणीही घालावी.

मात्र दोन गोष्टी अन्यायाच्या आहेत. पहिली म्हणजे आमच्या द्राक्षाला लागणारी चाळण देशात येणाऱ्या बेदाण्याला आणि फळांना तितक्याच काटेकोरपणे लागत नाही, असा आमचा समज आहे. तो चुकीचा असेल तर तपासणीचे निकाल जाहीर करून तो खोडून काढा, आम्हाला आनंदच होईल. दुसरी म्हणजे परदेशात एखाद्या औषधाची मर्यादा खाली आणली जाते तेव्हा ते आम्हाला फळछाटणीनंतर कळून उपयोग नसतो. तोवर फवारणीचं वेळापत्रक ठरलेलं असतं, औषधं आणलेली असतात. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला करारावर सह्या झाल्या तेव्हा शुल्क किती कमी झालं याच्या बातम्या भरभरून आल्या. द्राक्षवाल्याचा कंटेनर मात्र शुल्कापेक्षा औषधाच्या अंशाच्या आकड्यावर अडकतो. यापुढच्या करारांत एवढं एक कलम मिळवा, की मर्यादा बदलायची असेल तर एका पूर्ण हंगामाची आगाऊ सूचना. तुम्ही टेबलावर मिळवलेल्या टक्क्यांपेक्षा ते आम्हाला जास्त पैसे देऊन जाईल.

साखरेबद्दल आमच्या जिल्ह्यातला माणूस लिहिणार नाही, असं होऊच शकत नाही.

ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ साली आपल्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. ऊस उत्पादकाला दिला जाणारा आधार दहा टक्क्यांच्या मर्यादेबाहेर जातो, असं त्यांचं म्हणणं. एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, सरकार देत नाही, कारखाना देतो, हा आपला बचाव होता. डिसेंबर २०२१ मध्ये संघटनेच्या तंटा समितीनं तो फेटाळला. आपण त्यावर अपील केलं, पण अपील ऐकणारं मंडळच डिसेंबर २०१९ पासून बंद पडलेलं, कारण अमेरिका तिथे सदस्यांची नेमणूक होऊ देत नाही. म्हणजे खटला हरलोही नाही आणि जिंकलोही नाही, तारीखच नाही. त्यात आधाराचा हिशेब १९८६ ते १९८८ च्या किमतींशी तुलना करून होतो. त्या सालातला ऊसदर आज आमच्या पोरांना सांगितला तर ती हसतील. हा आकडा बदलून घ्यायची लढाई भारत कित्येक वर्षं लढतोय. ती सोडू नका.

पण तिथे न्याय मागताना घरात काय केलं ते पाहू. २०२२ च्या जूनपासून साखर निर्यातीवर मर्यादा आली. २०२३-२४ च्या हंगामात तर निर्यात जवळपास बंदच होती आणि जगात साखरेचा भाव त्याच काळात दशकभरातल्या उच्चांकावर होता. देशात साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली. त्यानंतर एफआरपी वर्षागणिक वाढत गेली आणि २०२५-२६ साठी क्विंटलला ३५५ रुपयांवर पोचली. ती मिळालीच पाहिजे. पण बाहेर विकायची वाट अरुंद, आतला भाव बांधलेला आणि देणं वाढतं, यात कारखान्याच्या गळ्याभोवतीचा फास शेवटी उसाच्या बिलाला लागतो. सभासद चेअरमनला शिव्या देतो. काही ठिकाणी त्या योग्यही असतात, पण सगळ्या नाही.

कांद्याचं नाशिककर माझ्यापेक्षा चांगलं सांगतील, पण आमच्याकडेही कांदा पिकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ८ डिसेंबरला बंदी, ४ मे २०२४ ला बंदी उठली पण टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क. सप्टेंबरमध्ये किमान किंमत गेली आणि शुल्क निम्म्यावर आलं. १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. दोन वर्षांत इतके फतवे. कांदा मात्र तयार व्हायला लागतो तितकेच महिने घेतो. कडधान्याचं उलट झालं. पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ पासून ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत शुल्काशिवाय येत राहिला आणि आटपाडी-जतकडचा हरभरा, तूरवाला शेतकरी बाजारात भाव शोधत राहिला.

ग्राहकाला महागाईपासून वाचवणं हे सरकारचं काम आहे, मान्य. मग त्याचा खर्च सरकारनं उचलावा. साठा करावा, गरिबाला स्वस्त धान्य द्यावं. एका रात्रीच्या अधिसूचनेनं तो खर्च शेतकऱ्याच्या माथी मारायचा, याला मी धोरण म्हणत नाही.

२७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं तेव्हा देशभर संताप झाला. मलाही राग आला. एक बलाढ्य देश स्वतःच्या सोयीनं, एकतर्फी नियम बदलतो आणि समोरच्यानं वर्षभर घेतलेल्या ऑर्डरींची माती होते, ही दादागिरीच. पण ढाक्यातला किंवा कोलंबोतला कांद्याचा आयातदार डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याबद्दल काय म्हणाला असेल? त्याचेही सौदे झालेले होते. तो पाकिस्तानकडे वळतो, इजिप्तकडे वळतो आणि एकदा वळलेला ग्राहक परत आणायला आमच्या निर्यातदाराला भाव पाडून विकावं लागतं. दंड आम्ही भरतो, अधिसूचना काढणारा नाही.

कागदाची लढाई आपल्याला जमत नाही असं नाही. आमच्या सांगलीच्या हळदीला २०१८ साली मानांकन मिळालं. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षं साठवलेली ही हळद. त्याच हळदीनं जखम भरते, याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना, जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुराव्यादाखल पुढे ठेवले आणि १९९७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्याच पेटंट कार्यालयाला ते रद्द करावं लागलं. आरडाओरडा न करता, दप्तर घेऊन जिंकलेली लढाई आहे ती. बेदाण्याच्या खोट्या कागदांविरुद्ध तसंच दप्तर उभं करा, एवढंच म्हणतोय.

शेजारच्या साताऱ्यात १८२८ साली जन्मलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातमागाच्या जाड्याभरड्या खादीत गेले होते. व्यापारातला अन्याय सत्तेच्या दारात जाऊन दाखवायची सवय या मातीला तेव्हापासून आहे. मी मात्र दिल्लीला येत नाही, सध्या बागेत काम आहे. तुम्हीच या.

चिलीशी व्यापक कराराची बोलणी २०२५ मध्ये सुरू झाली. चिली द्राक्ष पिकवतो, बेदाणाही निर्यात करतो आणि त्याची द्राक्षं बाजारात यायचा काळ आमच्या काळाशी भिडतो. त्या कराराचा मसुदा पक्का होण्याआधी तुमचे दोन अधिकारी फेब्रुवारी-मार्चमध्ये इकडे पाठवा. एक दिवस शेडवर, एक दिवस सौद्यात, एक दिवस निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये. हंगामानुसार कमी-जास्त होणारं शुल्क कुठल्या महिन्यांत लागावं, हे त्यांना तिथे कुठलाही बागायतदार सांगेल. जानेवारी ते एप्रिल आम्हाला संरक्षण द्या, बाकीच्या महिन्यांत चिलीची द्राक्षं खुशाल येऊ देत. एवढी तडजोड आम्ही स्वतःहून सुचवतोय, याची नोंद घ्यावी.

राहण्याची सोय होईल. येण्याआधी बाजार समितीला फक्त सौद्याचा वार विचारून घ्या आणि जमलं तर न सांगता या, म्हणजे उधळणही बघायला मिळेल.

कळावे,

आपला,
एक बेदाणा उत्पादक
तालुका तासगाव, जिल्हा सांगली